लाभ, दोन, तीन

अक्का, आज सकाळी गावाहून आलेलं ज्वारीचं पोतं सोडलं. दादर जातीची आहे, यंदा दाणा चांगला टपोरा आलाय. तू असतीस तर ओंजळभर घेऊन आधी वास घेतला असतास. निर्मलाने पोत्याची शिवण उसवली, वैशूने कोठीचं झाकण काढलं, आणि तुझं ते पितळी कड्याचं लाकडी माप दोघी मायलेकींनी माझ्या हातात दिलं. घरातला गणिताचा मास्तर मी, मोजायला माझ्याहून लायक कोण? मी माप भरलं, तळहाताने वरून सपाट केलं, कोठीवर धरलं, आणि तोंडातून शब्द निघेना. बावीस वर्षं देवपुरातल्या पोरांना वर्गमुळं काढायला लावली आणि आज पहिल्याच आकड्याला अडलो.

पुढे काय झालं ते सांगतो. पण तुला माझी सवय माहीत आहे, मी आधी भलतंच सांगतो.

वैशू साडेतीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मी ठरवलं होतं की गणिताच्या मास्तरची मुलगी शाळेत जाण्याआधी शंभरापर्यंत आकडे म्हणेल, दहापर्यंत लिहील आणि जमल्यास बेरीज करील. जमल्यास हा शब्द मी इतरांसमोर वापरायचो, मनात नव्हता. दोन खोल्यांचं घर, त्यात तिच्या उशाशी भिंतीवर मी एक ते शंभरचा तक्ता लावला. तक्ता चिकटवायला केलेली खळ तिने वाटीतून चाटून संपवली, हा आमचा पहिला धडा. मग काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. त्यांची तिने चूल मांडली आणि मला खोटा चहा दिला. गोळ्या आणल्या. दोन गोळ्या हातावर ठेवून विचारलं, एक खाल्ली तर किती उरल्या? तिने दोन्ही खाल्ल्या आणि म्हणाली, झालं. मी वर्गात सांगायचो की गणिताची सुरुवात शून्यापासून झाली पाहिजे, म्हणून पाटीवर मोठ्ठं शून्य काढून विचारलं, हे काय? ती म्हणाली, पोळी.

हे सगळं मी पुढे स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. एक मात्र सांगायचो नाही. माझ्या सायकलची घंटी वाजली की वैशू कोठीच्या मागे जाऊन लपायची. शाळेतून घरी येणाऱ्या बापाची घंटी ऐकून पोरं दाराशी पळतात, माझी लपायची. मला वाटायचं, खेळतेय.

तू तेव्हा आठ दिवसांसाठी आली होतीस. निर्मलाची पोस्टातली नोकरी, मुलीकडे बघायला कोणी नाही, आणि तुझ्या सासरी तर तुला विचारणारं कोणी उरलंच नव्हतं. आठ दिवसांची अकरा वर्षं झाली, आणि त्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. ट्रंक घेऊन आलीस, ती कॉटखाली सारलीस, पदर खोचलास आणि विचारलंस की चाळणी कुठे आहे. एवढाच तुझा गृहप्रवेश.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी वैशूला ‘तीन’ लिहायला बसवलं होतं. ती तीनचा सहा करायची, तोंड उलट्या बाजूला. मी पुसायचो, पुन्हा ‘तीन’ काढून दाखवायचो, ती पुन्हा सहा काढायची. सातव्यांदा सहा आला आणि मी तिच्या बोटांवर पट्टी मारली. फार जोरात नाही, असं मी निर्मलाला सांगितलं. तू आतून आलीस. काहीतरी बोलशील असं वाटलं होतं. तू पाटी उचललीस, पदराने पुसलीस आणि म्हणालीस, “हाई पाटी आते मनी.” आता ही पाटी माझी. पुढचं वर्षभर त्या पाटीने तू दुधाचं पातेलं झाकलंस.

मी रागावलो होतो. पोरीचं नुकसान होतंय, सुरुवातीचीच वर्षं महत्त्वाची असतात, असं काय काय तुला ऐकवलं. तू भाकरी थापता थापता ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, “तिले बठ्ठं येस, भाऊ. तू इचारस तेच वाकडं शे.” तिला सगळं येतं, विचारणंच वाकडं. मी हसलो. दुसरी नापास बाई बी.एड. झालेल्या माणसाला अध्यापनशास्त्र सांगतेय म्हणून हसलो. आणि तू नापास नव्हतीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझं नाव शाळेतून काढलं होतं. मी जन्मलो, आई शेतात जायची, मला कडेवर घेणारं कोणीतरी हवं होतं म्हणून काढलं. ते मी सोयीने विसरायचो.

मग तू काय केलंस, तर काहीच केलं नाहीस. निदान मला तसं दिसलं. तुरीच्या शेंगा सोलायला बसायचीस, समोर वैशू. शेंग फोडायच्या आधी तिच्या हातात द्यायचीस. “कितला शेतस?” ती अंगठ्याने शेंगेचे उंचवटे चाचपायची, आत दाणे किती ते सांगायची, मग फोडून बघायची. चुकलं तर तू चुकलं म्हणायची नाहीस. दाणे वाटीत टाकून पुढची शेंग द्यायचीस. माझ्या मित्राने रावेरहून केळीचा घड पाठवला तेव्हा तू तिला फण्या वाटायला बसवलंस, ही तुला, ही मला, आणि जोडी न लागलेली एकटी फणी शेजारी. शेजाऱ्यांकडे कधी फणी जायची आणि कधी जायची नाही, हे वैशूला घडाकडे बघूनच कळायला लागलं. मी नववीच्या वर्गात सम आणि विषमच्या व्याख्या घोकून घेत होतो.

एकदा मी दारातून बघत उभा होतो. तू एक मापभर ज्वारी उभ्या लोट्यात ओतलीस आणि विचारलंस, जास्त कुठे, लोट्यात की मघाशी मापात? ती म्हणाली लोट्यात, कारण लोट्यात ढीग वर आला होता. तू ज्वारी परातीत ओतलीस. आता? आता कमी झाली म्हणाली. तू पुन्हा मापात ओतलीस, माप काठोकाठ भरलं, आणि तू उठून चहा टाकायला गेलीस. मला राहवेना. मी म्हटलं, अक्का, तिला सांग ना सगळीकडे तेवढीच असते म्हणून. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मीच साडेतीन वर्षांचा आहे. तेच माप, तोच लोटा, तीच परात, असं महिना-दीड महिना चाललं. मग एका दुपारी ती परातीतली ज्वारी बघून एकटीच हसायला लागली. म्हणाली, अक्का, लोटा खोटारडा आहे. तू मान हलवलीस, बस.

त्या दिवशी पहिल्यांदा मला तुझी भीती वाटली. भीती म्हणजे मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर वाटते ती. हाच प्रयोग मी बी.एड.ला पाठ केला होता, काचेच्या नळ्या आणि रंगीत पाणी वगैरे, आणि पेपरात त्यावर पाच मार्क मिळवले होते. तो प्रयोग माझ्या घरात लोटा-परातीत चालू होता आणि मला तो ओळखू आला नव्हता.

वैशूने कोठीमागे लपणं कधी बंद केलं ते आठवत नाही. एक दिवस घंटी वाजवली आणि ती दारात होती, मूठ झाकून. बाबा, आठ चिंचोके होते, पाच खाली आहेत, मुठीत किती? मी मुद्दाम चार म्हटलं. तिने मूठ उघडून माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मी सायकल स्टँडवर न लावता तशीच सोडली, ती आडवी झाली.

आणि मग ते बालवाडीचं प्रकरण. आता इथून मला बोलायला जड जातं, तरी सांगतो, तुला सगळं कुठे सांगितलं होतं?

बालवाडीच्या बाईंनी प्रवेशाआधी मुलांना बोलावलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, मुलाखत माझीच असल्यासारखा. बाईंनी टेबलावर पाच मणी ठेवले आणि वैशूला मोजायला सांगितलं. वैशूने एकेक मणी सरकवत, छान ठसक्यात मोजलं, “लाभ, दोन, तीन, चार, पाच.” बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा लाभ. मी मागून खाकरलो. तिसऱ्यांदा लाभ. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे सर, पण तिला एकच येत नाही.”

आता हे वाक्य मी नंतर हजार वेळा सांगून टाळ्या घेतल्यात. तेव्हा मात्र कान तापले होते. पुढच्या वर्षी आणा म्हणाल्या, अजून लहान आहे. गणिताच्या मास्तरच्या पोरीला एक येत नाही. मी तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून घरी आलो.

धान्य मोजताना पहिल्या मापाला तू एक म्हणायची नाहीस. आपल्या घरात कोणीच म्हणत नसे. लाभ म्हणायचं, मग दोन. लहानपणी मीही हेच ऐकलं होतं, पण मी शिकून विसरलो. वैशू तुझ्या मांडीशी बसून मोजायला शिकली, तिला पहिल्याचं नाव तेच वाटलं. यात तुझा काय गुन्हा? पण मी घरात आलो आणि तुला म्हणालो. काय म्हणालो ते तुला आठवत असेल, मला शब्दन्‌शब्द आठवतो. मी म्हणालो, “तुझी शाळा दुसरीत सुटली, आता हिची सुरूच होऊ देणार नाहीस.”

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. निर्मला मोरीत होती, ती तिथेच थांबली. वैशू तुझ्याकडे बघत होती आणि तू तिला म्हणालीस, म्हन बेटा, एक. ती म्हणाली, लाभ. तू तव्याकडे बघत पुन्हा म्हणालीस, एक म्हन. तुझा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना तू वैशूला घेऊन एकटी त्या बालवाडीत गेलीस. मला हे चार दिवसांनी बाईंकडून कळलं. तू दारातच चपला काढल्यास, खुर्चीवर बसली नाहीस आणि म्हणालीस, “बाई, चूक मनी शे, पोरनी नही.” मग कनवटीचे चिंचोके काढून टेबलावर ठेवलेस आणि बाईंना सांगितलंस, तुम्ही लपवा, तिला विचारा. बाईंनी लपवले. बाई मला सांगत होत्या की पाचव्या वेळेनंतर त्यांनीच हात टेकले, कारण नऊपैकी चार लपवल्यावर किती राहिले हे त्यांनाही बोटं न मोजता पटकन सांगता येईना. वैशूला प्रवेश मिळाला. तू मला काही सांगितलं नाहीस. मीही कळलंय असं दाखवलं नाही. माझं ते वाक्य मागे घ्यायला ती चांगली संधी होती. मी तुला एवढंच म्हणालो की बाईंनी फेरविचार केला. तू म्हणालीस, बरं व्हयनं.

आणि माझ्या निर्लज्जपणाची हद्द अजून पुढेच आहे. बाईंनी सगळीकडे सांगितलं की सरांनी मुलीला घरी फार सुंदर शिकवलंय. मी नाही म्हणालो नाही. दोन वर्षांनी पाचोऱ्याला शिक्षकांचा मेळावा होता, तिथे मला बोलायला बोलावलं. विषय, लहान मुलांचं घरातलं गणित. मी शेंगा सांगितल्या, फण्या सांगितल्या, लोटा-परात सांगितली. प्रत्येक ठिकाणी ‘मी’ म्हटलं. मी शेंग हातात देतो, मी उत्तर सांगत नाही, मी थांबतो. ज्याने पट्टी मारली होती तो थांबण्याबद्दल बोलत होता आणि समोरचे लोक वहीत लिहून घेत होते. त्यांनी मला शाल दिली, नारळ दिला.

घरी येऊन मी तुला अख्खं भाषण म्हणून दाखवलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक तू पकडावंस असं वाटत असावं. तू शेवटपर्यंत ऐकलंस, शालीवरून हात फिरवलास, सूत चांगलं आहे म्हणालीस. मग म्हणालीस, “चांगलं सांगं, भाऊ. पन लाभ ऱ्हाई गया.”

खरंच राहिला होता. लोक हसतील म्हणून मी तो प्रसंग गाळला होता. मी वाद घालायला लागलो, कारण माफी मागण्यापेक्षा वाद घालणं मला नेहमीच सोपं गेलंय. म्हटलं, अक्का, लाभ हा आकडाच नाही. पहिल्याला एक म्हटल्याशिवाय मोजणी सुरू होत नाही. तू म्हणालीस, “पहिलं माप मोजतस नही. त्याले मानतस.” मी म्हटलं, बरं, पहिलं मोजलंच नाही, तर मग दोन कुठून आले? तू शाल घडी करत होतीस. घडी पुरी केलीस आणि म्हणालीस, “दोन कथाईन उनात, तूच सांग. मास्तर तू शे.”

या वादावर आपण किती वर्षं काढली. दरवर्षी पोतं सुटलं की मी विचारायचो, मग दोन कुठून आले अक्का? आणि तू माप ओतत म्हणायचीस, सांग ना मास्तर. वैशू मोठी झाली, बीजगणित करायला लागली, तीही तुझ्या बाजूने. मी एकटा पडायचो आणि मजा यायची.

जनगणनेच्या वेळचं आठवतं? आम्हा मास्तरांच्या गळ्यात ते काम पडलं होतं. घरोघर जाण्याआधी सराव म्हणून मी कोरा फॉर्म घेऊन आपल्याच घरात बसलो. मोठ्याने म्हणत होतो, घरातली माणसं, मी, निर्मला, वैशू, एकूण तीन. तीन लिहिलंसुद्धा. तू भांडी विसळत होतीस. मागे न वळता म्हणालीस, “मंग मी लाभ शे का?”

सगळे हसलो. वैशू तर लोळून हसली. मी सर्वांत जास्त हसलो आणि तीनचे चार केले. पुढे तो किस्साही मी रंगवून सांगायला लागलो, गणिताचा मास्तर, घरातलं माणूस मोजायला विसरला. हशा पिकायचा. तू हसली होतीस का, ते मला आठवत नाही, कारण तुझी पाठ होती.

परवा तुला नेताना मी तुझ्या ट्रंकेतून ती पाचोऱ्याची शाल काढली. तू ती कधी पांघरली नव्हतीस, डांबराच्या गोळ्या घालून घडी घालून ठेवली होतीस. मी ती तुझ्यावर घातली. गल्लीतले लोक म्हणाले, बघा, भावाने स्वतःच्या सत्काराची शाल दिली. कोणी तरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की ही माझी नव्हतीच, फक्त पोचवायला मला अकरा वर्षांतली नऊ लागली. पण तिथेही मी गप्प राहिलो, आणि लोकांनी ते दुःख धरलं.

तर आज सकाळी. माप कोठीवर धरून मी उभा, हात भरून आलेला. निर्मला म्हणाली, अहो ओता ना. वैशू माझ्या तोंडाकडे बघत होती, बालवाडीत मी तिच्याकडे बघत होतो तशी. ‘एक’ जिभेवर येऊन परत गेला. तो तिथे चालणारच नव्हता. पहिलं माप मोजायचं नसतं, आणि जिला मानायचं होतं तिला मी आयुष्यभर ना मोजलं ना मानलं. फॉर्मवर सोडून.

मी ओतलं. म्हटलं, लाभ.

कोठीच्या पत्र्यावर दाणे वाजले. रिकामी कोठी होती, मोठा आवाज झाला. मी दुसरं माप भरलं, तळहाताने सपाट केलं, आणि पुन्हा थांबलो. या वेळी वैशू बोलली. हळूच, तुझ्याच सुरात. “सांगा ना मास्तर, दोन कुठून आले?”

अक्का, तू आठ वर्षांची होतीस. शाळेतून तुझं नाव काढलं आणि पाळण्याशी तुला उभं केलं. तू आधी होतीस, म्हणून मी कडेवर बसून मोठा झालो, शिकलो, मास्तर झालो, आणि तुलाच विचारत राहिलो.

मी पोरीला म्हटलं, “दोन म्हणजे मी.”

आणि ओतलं.